जखमेपेक्षा भोवतीची कातडी बघा

जखम झाली की माणसं पहिल्यांदा बाटली शोधतात. कुठली का असेना, ती झोंबली पाहिजे. झोंबलं म्हणजे औषध लागू पडतंय, जंतू पटापट मरतायत, ही समजूत सर्जिकल वॉर्डच्या ड्रेसिंग रूममध्ये मी नोकरीभर ऐकली. आता निवृत्त झाले तरी नात्यागोत्यातले फोन काही थांबलेले नाहीत. "मावशी, फोटो पाठवलाय, बघ ना, पिकलंय का?" फोटो उघडावा तर त्यात जखमेचा लालभडक मध्यभाग, इतक्या जवळून काढलेला की तो गुडघा आहे की कोपर हेही कळू नये. मला बघायची असते ती भोवतीची चार बोटं कातडी. नेमकी तीच फोटोबाहेर राहिलेली असते.

तर एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

रक्त येत असेल तर आधी ते थांबवायचं. स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून घट्ट दाबायचं आणि घड्याळ लावून 10 मिनिटं दाबून धरायचं. "थांबलं का?" म्हणून दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघितलं तर नुकतीच धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी सुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर ते काढू नका, त्याच्यावरच दुसरं ठेवा. एवढं दाबूनही वाहतंच असेल, किंवा रक्त उसळ्या मारत येत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

रक्त थांबलं की पाणी. माझ्या मते घरच्या घरी जखमेसाठी जे काही करता येतं त्यातला अर्धाअधिक भाग इथेच संपतो, आणि लोक सगळ्यात घाईने उरकतात तोही हाच भाग.

मध्यंतरी भाचा सायकलवरून खडीवर घसरला. गुडघ्यावर तळहाताएवढं खरचटलेलं, रक्त बेताचंच, पण सालटं निघालेल्या जागेत काळी कच घट्ट रुतून बसलेली. बहीण कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तयारच होती. तिला म्हटलं, ते ठेव बाजूला. त्याला मोरीच्या कट्ट्यावर बसवला, पाय नळाखाली, आणि पाणी सोडलं. जोराची धार नव्हे, पण सलग. पहिल्या पाचेक मिनिटांत मोकळी माती निघून जाते. त्यानंतर जे उरतं ते चिवट असतं. त्यासाठी माझ्याकडे सुई काढलेली 20 मिलीची सिरिंज असते. तिच्यात स्वच्छ पाणी भरून जरा तिरकी धरायची आणि दाबून धार मारायची, की कडेला अडकलेली कच उचलली जाते. "मावशी, हळू!" "ओरड हवं तेवढं, पाय फक्त हलवू नकोस." दोन खडे तरीही हटेनात, ते स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढले. पाण्याने निघत नाही आणि चिमट्यानेही सहज निघत नाही, असं काही खोल गेलं असेल तर घरी उकरायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. पण वरवरची कच मागे ठेवायचीही नाही. एक तर ती जंतूंना आसरा देते, आणि वरून कातडी भरून आली की काळे-निळे ठिपके गोंदल्यासारखे कायमचे राहतात.

"साधं नळाचं पाणी चालतं?" हा प्रश्न हमखास येतो. पिण्यायोग्य असेल तर चालतं. साध्या जखमा नळाच्या पाण्याने धुतल्या म्हणून सलाईनपेक्षा जास्त पिकतात असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेलं घ्या. घरी सलाईन करायचं तर 1 लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. म्हणजे 0.9 टक्के, बाटलीवर लिहिलेलं असतं तेच प्रमाण. ते त्या दिवसापुरतं वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं. साबण जखमेभोवतीच्या कातडीला लावा, आत घासायची गरज नाही. याला अपवाद प्राण्याच्या चाव्याचा, त्याबद्दल पुढे.

आता ती बाटली. स्पिरिट अखंड कातडीसाठी आहे, इंजेक्शन देण्याआधी पुसायला. उघड्या जखमेत ते जंतूंबरोबर आपल्या पेशीही भाजून काढतं. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फसफसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, बघा, घाण कशी वर येतेय. तो फेस घाणीचा नसतो. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटॅलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचे ते बुडबुडे. अगदी स्वच्छ जखमेवर ओतलं तरी फसफसणारच. नवीन कातडी विणणाऱ्या पेशींना मात्र त्याचा त्रास होतो.

हे काही आजकालचं शहाणपण नाही. पेनिसिलिनचा शोध लागला 1928 साली, पण तो लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या बुलोन इथे सैनिकांच्या जखमांवर काम करत होते. तेव्हा सगळीकडे जखमेत तीव्र अँटिसेप्टिक ओतायची रीत होती. फ्लेमिंगनी काचेच्या नळीला गरम करून टोकं ओढली आणि एक वेडीवाकडी, कोनाकोपऱ्यांची खोटी जखमच बनवली. त्यात जंतू घातले, अँटिसेप्टिक भरलं, ओतून टाकलं. कोपऱ्यांत जंतू जिवंतच. आणि खऱ्या जखमेत तेच द्रव जंतूंआधी पांढऱ्या पेशींचा, म्हणजे आपल्याच सैन्याचा, फडशा पाडत होतं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण बाटली शोधतोच आहोत.

पोव्हिडोन आयोडीन मी पूर्ण बाद करत नाही. मातकट जखम भरपूर धुऊन झाल्यावर पहिल्या दिवशी एकदा लावलं तर ठीक. लावल्यावर दोन मिनिटं सुकू द्यायचं, लावलं की लगेच पुसलं तर उपयोग काय? पण जखम स्वच्छ आहे, भरत आली आहे, आणि तरी रोज सकाळी आयोडीनचा मारा चालू आहे, हे नको. थायरॉइडचा आजार असेल, बाळ अगदी लहान असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

अँटिबायोटिक पावडरीशी माझं जुनं वैर आहे. लोक ती भुरभुरवतात, ती जखमेतून झिरपणाऱ्या लशीत भिजून कडक थर होतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा पावडर. चार दिवसांनी ड्रेसिंग रूममध्ये हे कवच भिजवून काढायचं काम आमच्याकडे यायचं, आणि खाली बरेचदा पू. वरून कोरडी ठणठणीत दिसणारी जखम आतून पिकते ती अशी.

इथे दुसरी समजूत येते, की जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, सुकली की बरी होते. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने सरकली. कारण सोपं आहे. नवी कातडी कडेकडून सरकत येते. खपली असली की तिला त्या कोरड्या थराच्या खालून, खोलवरून वाट काढावी लागते. ओल असली की ती सरळ वरून येते. म्हणून झाकायचं. लहानसहान जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी, एवढं बहुतेक वेळा पुरतं. कातडीच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर साधी पेट्रोलियम जेली आणि अँटिबायोटिक मलम यांची तुलना 1996 साली झाली होती, आणि इन्फेक्शनच्या बाबतीत दोन्हींत म्हणावा असा फरक निघाला नाही. उलट काही मलमांची, विशेषतः निओमायसिन असलेल्यांची, ॲलर्जी येते. कातडी लाल होते, खाजते, आणि घरचे म्हणतात पिकलं, अजून लावा!

ओलसर म्हणजे चिंब नव्हे, हेही सांगून ठेवते. जखमेच्या कडा पांढऱ्या, फुगलेल्या, सुरकुतलेल्या दिसल्या की ओल जास्त झाली. ड्रेसिंग लवकर बदला किंवा जास्त शोषणारं वापरा.

ड्रेसिंग कसं बदलायचं हे नीट सांगते, कारण बाहेरचा जंतू आत जातो तो बहुतेक याच वेळी. सासऱ्यांच्या घोट्यावरची जखम आम्ही सर्जननी सांगितल्याप्रमाणे घरी बघत होतो. अण्णांना मधुमेह, त्यामुळे ढिलाई परवडणारी नव्हती. टेबल पुसून, सगळी पाकिटं आधीच फाडून ठेवायची. हात धुतल्यावर कपाट उघडलं, चष्मा वर केला, फोन उचलला, की धुतलेले हात गेले वाया. हात साबणाने निदान 20 सेकंद. अंगठ्याचा मागचा भाग आणि नखांच्या कडा हटकून राहतात. अंगठी, बांगड्या काढून.

जुनी पट्टी काढताना चिकटपट्टी वर खेचायची नाही. एका बोटाने कातडी दाबून धरायची आणि पट्टी कातडीला धरून, आडवी, उलटी दुमडत न्यायची. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, वर ओढलीत तर जखमेशेजारी दुसरी जखम. आतला गॉज चिकटला असेल तर सलाईन टाकायचं आणि थांबायचं. अण्णांना थांबणं जमत नसे. "ओढ गं सूनबाई, एकदाच ओढ, काय ते होऊन जाऊ दे." पण कोरडा गॉज ओढला की त्याला चिकटलेली कोवळी कातडी निघून येते आणि आठवड्याची कमाई एका झटक्यात जाते. मी रेडिओवरच्या बातम्या लावायची. बातम्या संपेपर्यंत गॉज आपोआप सुटलेला असायचा.

निघालेला गॉज टाकण्याआधी बघायचा. पिवळट, पाण्यासारखी पातळ लस ठीक. थोडं गुलाबी, तेही ठीक. घट्ट, गढूळ, हिरवट, किंवा नाक मागे घ्यायला लावणारा वास असेल तर ठीक नाही. मग तो गॉज पिशवीत बांधून केरात, आणि हात पुन्हा धुवायचे. हे दुसऱ्यांदा हात धुणं सगळे विसरतात. घाणेरड्या पट्टीला लावलेल्या हातानेच नवी पट्टी उघडली जाते. पुसताना जखमेच्या आतून बाहेर, एका तुकड्याने एकदाच. कापूस जखमेला थेट लावू नका, त्याचे तंतू आत राहतात. नवा गॉज कडांना धरून ठेवायचा, जखमेवर टेकणाऱ्या भागाला बोट नाही. बँडेज बांधून झालं की पायाच्या बोटाचं टोक दाबून सोडून बघायचं. पांढरं पडलेलं बोट 2 सेकंदांत पुन्हा रंगावर आलं पाहिजे. आलं नाही तर पट्टी आवळली गेली आहे.

एवढं झालं की हात काढा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर साधी, स्वच्छ जखम दिवसातून एकदा, किंवा पट्टी भिजली-मळली तर, बदलायची. दर दोन तासांनी उघडून बघणारे काळजी करत नसतात, जखमेला त्रास देत असतात. स्पष्टच बोलते, माफ करा.

आता त्या फोटोंकडे येते. जखमेचा मध्य बघून घरच्या माणसाला फारसं कळत नाही. भरणारी जखम आतून लाल, ओलसर, दाणेदार दिसते आणि लोक ती बघून घाबरतात. ते नवं मांस आहे. तळाला पिवळसर पातळ थर असतो, त्याला पू समजून खरवडतात. खरवडू नका. पहिले दोन-तीन दिवस कडेला बारीकशी लाली, थोडी सूज, थोडा ऊबारा असतोच, शरीर तिथे कामाला लागलेलं असतं.

बघायची ती दिशा. लाली जागच्या जागी आहे, कमी होते आहे, की पसरते आहे? दुखणं दिवसागणिक उतरतंय की तिसऱ्या दिवसानंतर चढतंय? लाली, सूज, ऊब, दुखणं ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यांनी पहिल्या शतकात लिहून ठेवली आहेत, आणि आजही डॉक्टर हेच विचारतात. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, हे मात्र पुस्तकांतल्या चित्रांत सापडत नाही. ती जांभळट, काळपट, ताणल्यासारखी चकचकीत दिसते. डोळ्यांवर विसंबू नका, हाताची मागची बाजू लावा. आधी दुसऱ्या पायाला त्याच जागी, मग इथे. ऊब लगेच कळते.

आणि एक बॉलपेन घ्या. लालीची कड जिथे संपते तिथे कातडीवर रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. अण्णांच्या घोट्यावर एका सकाळी भोवताल जरा गरम लागला. त्यांना दुखत काहीच नव्हतं. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की दुखत नाही, आणि तोच धोका असतो. मी रेघ मारली. "नकाशा काढतेस काय माझ्या पायावर?" म्हणाले. दुपारपर्यंत लाली रेघेबाहेर बोटभर गेली होती. दुखत नाही, ताप नाही, चालतायत-फिरतायत, पण रेघ ओलांडली, एवढ्यावर आम्ही त्यांना त्याच दिवशी सर्जनकडे नेलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, पाय वाचला. त्या रेघेवाचून "कालच्याइतकंच वाटतंय" म्हणत अजून दोन दिवस सहज गेले असते.

जखमेपासून वर जाणारी लाल रेष दिसली, जांघेत किंवा काखेत अवधाण आलं, थंडी वाजून ताप आला, किंवा जखमेच्या दिसण्याच्या मानाने दुखणं भलतंच असह्य असेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

काही जखमा घरी बघायच्याच नसतात. कडा एकमेकींपासून फाकलेल्या, आतली चरबी दिसणाऱ्या, सांध्यावरच्या, बोट हलवता येत नाही किंवा बधिर लागतं अशा. टाके लागतील असं वाटलं तर काही तासांतच गेलेलं बरं, उशीर झाला की बंद करणं अवघड होतं. मांजराचा चावा दिसतो टाचणीएवढा पण दात खोल गेलेला असतो आणि लवकर पिकतो. माणसाचा चावाही वाईट, मुठीवर दुसऱ्याचा दात लागला असेल तर तोही चावाच धरा. कुत्रं, मांजर, माकड, वटवाघूळ, कुणीही चावलं-ओरबाडलं तर साबण-पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवायचं आणि रेबीजच्या लशीसाठी थेट निघायचं. इथे साबण जखमेवरही लावायचा, तोच तो अपवाद. मधुमेही माणसाच्या पावलावरची कुठलीही जखम, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांची जखम, यांत घरगुती प्रयोग नकोत.

भाजल्याचं थोडक्यात: वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नाही, फोड फोडायचे नाहीत, आणि घरात सापडेल ते चोपडायचं नाही. त्यावर वेगळं लिहायला हवं.

जखम भरत आली की खाज सुटते. खाजवू नका, वर जेली लावा. नवी कातडी कोवळी असते, ऊन लागलं की डाग गडद होतो, म्हणून काही महिने झाका किंवा सनस्क्रीन लावा. व्रण वर्षभर बदलत राहतो. त्याची ताकद मूळ कातडीच्या फार तर 80 टक्क्यांपर्यंत येते, त्यामुळे त्याच जागी पुन्हा आपटलं तर लवकर फाटतं.

राहिला धनुर्वात. गंजलेल्या खिळ्याची भीती सगळ्यांना, पण गंजाचा दोष नसतो. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या विष्ठेत असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ते फोफावतात. म्हणजे चकचकीत नवा खिळाही मातीत पडलेला असला तर तितकाच वाईट, आणि बागेतला काटाही. याउलट, दर खरचटण्याला इंजेक्शन घेत सुटायचंही कारण नाही. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला 10 वर्षं होऊन गेली असतील तर बूस्टर लागतो, आणि खोल किंवा मातकट जखमेला 5 वर्षं होऊन गेली असतील तर. आमच्याकडे प्रत्येकाची तारीख औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. दवाखान्यात हा प्रश्न विचारला की बहुतेक लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग डॉक्टर लस झालेलीच नाही असं धरून चालतात, आणि ते बरोबरच आहे.